सॉइल: वाक्यात उपयोग करा

मी आठवीत होतो ते १९८५ साल. सहामाहीच्या इंग्रजीच्या पेपरात पाच क्रियापदं वाक्यात वापरायला दिली होती. चार मी कशीबशी पार केली. पाचवं होतं 'सॉइल'. सरांनी वर्गात त्याचा अर्थ फळ्यावर लिहून दिला होता: मळवणे, घाण करणे. पण भूगोलाच्या तासाला सॉइल म्हणजे माती, आणि ग्रामसेवकाच्या खोलीतल्या खताच्या तक्त्यावरही सॉइल म्हणजे मातीच. इंग्रजांनी माती आणि घाण या दोघींना एकाच नावानं हाक का मारावी, हे वैनगंगेकाठच्या चौरास भागात, धानाच्या बांध्यांत वाढलेल्या पोट्ट्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी दोन्ही अर्थ सांभाळून घेत मी लिहिलं, 'माय फादर सॉइल्स द फार्म एव्हरी जुलै.'

सरांनी वाक्याला लाल शाईनं गोल केला आणि शेजारी इंग्रजीतच शेरा मारला. त्याचा अर्थ, शेत मळवता येत नाही.

हे वाक्य त्यांनी जुलैत आमच्या धुऱ्यावर उभं राहून म्हणून दाखवायला हवं होतं. सर कापसाच्या मुलखातले. तिकडे शेतात चिखल झाला की माणसं हळहळतात. आमच्याकडे चिखल झाला नाही तर रडतात. पऱ्हे हातभर वाढून बसलेत, रोवणी खोळंबली आहे आणि आभाळ कोरडं, अशा दिवसांत भंडारा जिल्ह्यातला माणूस देवाकडे दुसरं काही मागत नाही, फक्त चिखल मागतो. पाऊस पडला की बांधीत पाणी तुंबवायचं, बैल घालायचे आणि ढेकूळ म्हणून शिल्लक राहू द्यायचं नाही. पायाखाली खिरीसारखं लागलं पाहिजे. त्यानं वरची माती लोण्यासारखी होते, खालचा थर घट्ट बसतो, पाणी जिरत नाही आणि तण गाडलं जातं. त्या चिखलात बाया ओळीनं वाकून पऱ्हे रोवत मागे मागे सरकतात. यापेक्षा पद्धतशीर मळवणं जगात कुठं चालत असेल तर ते मला पाहायचं आहे. सरांनी मात्र शून्य दिलं.

माझ्या मागच्या बाकावरच्या दोस्ताचं त्याहून वाईट झालं. तो अभ्यासात यथातथा, पण बैलांवर जीव टाकणारा. त्यानं शब्दाचा अर्थ वगैरे भानगडीत न पडता 'आय सॉइल माय बुलक डेली' असं ठोकून दिलं. मी रोज माझा बैल मळवतो! सरांनी त्याला उभं केलं, वाक्य मोठ्यानं वाचायला लावलं, वर्गाला हसायला लावलं आणि तळहातावर दोन छड्या दिल्या. त्या दोन छड्यांचा हिशेब पुढे येणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा.

सरांचीही बाजू सांगितली पाहिजे. आमच्या बोलीनं त्यांचा कमी छळ केला नाही. झाडीबोलीत 'ळ' टिकत नाही, त्याचा 'र' होतो. डोळ्याचा डोरा आणि शाळेची सारा. आता सदरा मळला हे या हिशेबानं म्हणून बघा. एकदा माझा एकुलता एक शाळेचा सदरा चिखलात गेला म्हणून आजीनं मला घरी ठेवलं. संध्याकाळी सर चौकशीला आले. आजी ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाली, "मरला ना जी त्याचा. मनून नाई धाडलो."

सर हबकले. "कोण? कधी?"

"कालच. आता वारते का पायतो."

यातलं 'वारते' हे वाळण्याबद्दल होतं. पण 'मरला'च्या मागोमाग 'वारते' ऐकल्यावर कापसाच्या मुलखातला सज्जन माणूस आणखी काय समजणार? सरांनी टोपी काढली. नेमका तेव्हा सदरा दोरीवर वाऱ्यानं फडफडला आणि आजीनं त्याच्याकडे बोट दाखवलं, म्हणून पुढची शोकसभा टळली.

बरं, मातीला नावं ठेवायला इंग्रजच कशाला हवेत? आपणही कमी नाही. कामाचा विचका झाला की त्याची माती झाली. भाव पडला की मातीमोल. कुणी भलतीच चूक केली की त्यानं माती खाल्ली. आणि माणूस गेला की गावातली पुरुष मंडळी मातीला जातात. नववीत एका मुलानं काकाच्या मातीला जायचं म्हणून इंग्रजीत अर्ज केला होता. 'आय ऍम गोइंग टू सॉइल.' सरांनी त्याला बोलावून हळू आवाजात, "काय मळवायला चाललास?" असं विचारलं. मुलगा रडू लागला. सर दिवसभर गप्प होते. माझ्या आठवणीत त्यांनी त्यानंतर ते क्रियापद कधी परीक्षेला दिलं नाही.

मळवण्यासाठी मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. तेलानं माखतात, गुळानं बरबटतात, चिखलानं लडबडतात. चहानं डागाळतात, धुरानं कळकटतात, आणि नुसत्या शिवण्यानं विटाळायची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली होती, ती तर पाण्यासाबणानंही निघायची नाही. पण घरात रोज जो शब्द चालतो तो यातला एकही नाही. कणीक मळणाऱ्या बाईला फोन घ्यायला सांगा, ती म्हणेल, हात भरलेत. पोरगं चिखलातून आलं की पाय भरले, चड्डी भरली. इंग्रजीत ज्याला सॉइल होणं म्हणतात त्याला आपण भरणं म्हणतो, आणि कोठीत धान आल्यावरही तेच म्हणतो. हे मला त्या वयात सुचलं असतं तर सरांना ऐकवलं असतं. सुचलं नाही हे बरंच, तिसरी छडी मिळाली असती.

आजीकडे मातीचा आणखी एक उपयोग होता. भंडारा हे पितळेचं शहर. घरात तांदळाइतकाच पितळेचा मान. गुंड, लोटे, पराती रोज घासाव्या लागत, आणि त्या कशानं? राखेनं, चिंचेनं आणि मातीनं. काळवंडलेल्या लोट्याला मूठभर ओली माती फासली, नारळाच्या शेंडीनं चोळली आणि धुतली की लोट्यात तोंड दिसे. मातीच्या अंगणात, मातीच्या ओट्यावर, मातीनं हात धुऊन, मातीनं लोटा लख्ख करणारी बाई. ओटाही पुन्हा शेणामातीनं सारवलेला. तिला मी एकदा सांगितलं की इंग्रजीत माती लावणे म्हणजे घाण करणे. ती म्हणाली, "मंग ते भांडे कायनं घासतेत?" मी म्हणालो, त्यांच्याकडे साबण असतो. "असन बाप्पा," ती म्हणाली. त्या 'असन'मध्ये अख्ख्या ब्रिटिश साम्राज्याबद्दलची कीव होती.

पुढे कॉलेजात नागपूरला गेलो तेव्हा ग्रंथालयात जाडजूड इंग्रजी शब्दकोश पाहिला. पहिल्या दिवशी मुलं त्यात कोणते शब्द शोधतात ते सर्वांना ठाऊक आहे. मी 'सॉइल' काढला.

तिथं मला कळलं की इतकी वर्षं आपण उगाच मनाला लावून घेतलं. मातीच्या अर्थाचं नाम लॅटिनमधल्या जमिनीच्या घराण्यातून, फ्रेंचांच्या मार्गे इंग्रजीत आलेलं. क्रियापद वेगळ्या कुळातलं मानतात. तेही जुन्या फ्रेंचमधूनच आलं, पण त्याचं नातं आहे डुकराच्या लोळण्याच्या जागेशी. रानडुक्कर डबक्यात लोळून उठतं तेव्हा त्याचं जे होतं, ते सॉइल. दोन निराळी माणसं एका आडनावामुळे भाऊ समजली जावीत तसा हा प्रकार. मला फार बरं वाटलं. रानडुकराशी आमची ओळख जुनी. नागझिऱ्याच्या आणि कोक्याच्या जंगलालगतच्या गावांत जाऊन विचारा. उभ्या धानात रात्री कळप शिरतो, खातो थोडं आणि लोळतो फार. 'माझा बाप दर जुलैत शेत सॉइल करतो' हे खरंच चूक होतं. ते काम बाप करत नव्हता, ऑक्टोबरात डुकरं करत होती.

पण त्याच पानावर, जरा खाली, तिसरं एक सॉइल उभं होतं. तेही क्रियापदच. अर्थ: गुरांना नुकताच कापलेला हिरवा चारा घालणे.

मी ती ओळ तीनदा वाचली. 'आय सॉइल माय बुलक डेली.' मी रोज माझ्या बैलाला हिरवा चारा घालतो! व्याकरण शुद्ध, अर्थ शुद्ध, वस्तुस्थितीही शुद्ध, कारण तो पोरगा खरंच रोज पहाटे धुऱ्यावरचं गवत कापून आणायचा. अख्ख्या वर्गात एकाच मुलाचं वाक्य बरोबर होतं आणि छड्या त्यालाच पडल्या होत्या. दिवाळीत गावी गेल्यावर मी धावत जाऊन त्याला ही बातमी दिली. तो बैलाला गवत टाकत होता. म्हणाला, "मले तं तवाच मालूम होता." हे धादांत खोटं होतं, पण दोन छड्यांच्या व्याजापोटी मी ते चालू दिलं.

मळवणाऱ्या क्रियापदानं पुढे सरकारी नोकरी धरली. रिझर्व्ह बँकेनं १९९९ साली स्वच्छ नोटांचं धोरण आणलं, आणि बँकेच्या फलकांवर 'सॉइल्ड नोट' हा शब्द ठळकपणे दिसू लागला. आमची स्वतःची रोवणी आटोपली की माय दुसऱ्यांच्या बांधीत रोजीनं जायची. मजुरी चिखलातच मिळायची, ती कमरेच्या पिशवीत जायची आणि पिशवी तिच्यासकट दिवसभर पाण्यात वाकलेली असायची. अशा नोटा घेऊन आम्ही बँकेत गेलो. कॅशियर भला माणूस. नोट उजेडात धरून म्हणाला, "मावशी, ही सॉइल्ड आहे."

मायनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "माती लागली मनते."

"लागलीच हाय ना. बांधीतली होय."

नोट बदलून मिळाली. नियमच तसा आहे. मळकी नोट कोणत्याही बँकेनं बदलून द्यायची असते. नियमाची पुढची ओळ मला जास्त आवडते. नोटेचे दोन तुकडे झाले असतील, पण दोन्ही एकाच नोटेचे असतील आणि जोडल्यावर ती पुरी होत असेल, तर तीही सॉइल्डच धरतात आणि बदलून देतात. त्याच १९९९ सालच्या १ मे रोजी आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळा निघाला. चिकटपट्टी लावून वेळेत नेला असता तर कदाचित कोरा करकरीत भंडारा जिल्हा हातात पडला असता.

मग २०१५ साली केंद्र सरकारनं सॉइल हेल्थ कार्ड आणलं. नत्र, स्फुरद, पालाशपासून बोरॉनपर्यंत मातीच्या बारा तपासण्या. मराठीत त्याचं नाव 'मृद आरोग्य पत्रिका'. हा 'मृद' आमच्या गावात कुणाच्या जिभेवर बसेना. चावडीवर एका म्हाताऱ्यानं ते 'मृत आरोग्य पत्रिका' असं वाचलं आणि मेल्यावर आरोग्य कसलं तपासता म्हणून कृषी सहायकाशी वाद घातला. कृषी सहायकानं 'मृद म्हणजे सॉइल' असा खुलासा केला. तेव्हा माझा तो बैलवाला दोस्त मागून म्हणाला, "सॉइल मंजे चारा, साहेब. शिकून या."

आता शेवटचं. माझी मुलगी नागपुरात इंग्रजी शाळेत सहावीत होती, २०१८ सालची गोष्ट. जुलैतल्या एका शनिवारी तिला रोवणी दाखवायला गावी नेलं. बैल गेले होते. लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर चिखल करत होता आणि जाताना अर्धी बांधी डांबरी रस्त्यावर पसरून जात होता. मुलगी धुऱ्यावर गृहपाठाची वही छातीशी धरून उभी राहिली, कारण सोमवारी ती दाखवायची होती. धुरा ओला. पुढचं सांगायला नको. मुलगी गुडघ्यापर्यंत, वही पूर्ण. माझी माय, सत्तरीतली, बांधीतून ती वही मेलेल्या मासोळीसारखी शेपटीला धरून घेऊन आली.

घरी आल्यावर मी बाईंच्या नावानं चिठ्ठी लिहायला बसलो. गृहपाठ का दाखवता येत नाही, याची. बराच वेळ पेन अडलं. मग लिहिलं, 'द नोटबुक इज सॉइल्ड.' आणि चमकून पुन्हा वाचलं. तेहतीस वर्षांनी, आमच्या घरातून त्या क्रियापदाचं पहिलं वाक्य बाहेर पडलं होतं ज्याला कुणीही लाल गोल करू शकत नव्हतं.

माय पाय धुऊन आली. "काय लिवून रायला, बाबू?"

"वही भरली मनून लिवलो."

"भरली तं नवी घेऊन दे ना लेकराले," माय म्हणाली. "चिट्ठी कायले लिवतेस?"