मिस, आवाज कट होतोय!

"काय हो वहिनी, आज व्हॅन नाही आली शाळेची?"

"रेड अलर्ट ना काकू! काल रात्रीच कलेक्टरांनी सुट्टी जाहीर केली आणि आज बघा कसं कडकडीत ऊन! सुट्टी तरी कसली म्हणा, शाळेनं ऑनलाइन तास ठेवलेत. आमचे चिरंजीव वर युनिफॉर्मचा शर्ट आणि खाली चड्डी अशा थाटात बसलेत."

"बसलेत की लोळतायत?"

"कॅमेरा बंद, कोण बघतंय! प्रश्न आला रे आला, की 'मिस, आवाज कट होतोय!' कोरोनात तेवढं मात्र पक्कं शिकला."

"सगळंच काही वाया नाही गेलं हो. आमची धाकटी तेव्हा दहावीला. भूमितीचं प्रमेय डोक्यात शिरेपर्यंत तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायची. वर्गात सर थोडेच थांबतात!"

"आणि एवढं करून परीक्षाच रद्द! २०२१ चा निकाल किती, तर ९९.९५ टक्के. नववीचे मार्कसुद्धा धरले होते."

"नका आठवण काढू. अजून 'कोरोना बॅच' म्हणून चिडवतात तिला. पण तिला स्वतःचा मोबाइल होता, स्वतंत्र खोली होती. आमच्या मावशींकडे फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. तो घरी यायचा रात्री, तोवर पोरं गाढ झोपलेली! सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागायचं, तेवढाच काय तो आधार."

"आमच्या जाऊबाई झेडपीच्या शाळेत आहेत ना, त्याही गृहपाठ पाठवून पाठवून थकल्या. शेवटी मास्क लावून मारुतीच्या पारावर चार-चार पोरं घेऊन बसायला लागल्या. त्या सांगत होत्या, 'असर'वाले खेडोपाडी जाऊन पाहणी करतात. दुसरीचा धडा वाचता येणारी तिसरीतली पोरं २०१८ मध्ये देशभरात शंभरात २७ होती, २०२२ मध्ये वीसएकच उरली."

"अगं बाई!"

"आमचाच बघा ना. पहिलीत असताना ३ काढायला सांगितला की ६ काढायचा. वहीचा फोटो ग्रुपवर टाकला की मिसचा अंगठा हजर! पन्नास वह्या मोबाइलवर बघायच्या, त्या तरी काय करणार? शाळा उघडल्यावर हात धरून गिरवून घेतलं, तेव्हा कुठे आठवड्याभरात ३ सुलटा झाला."

"म्हणजे हिशेब सरळ आहे. शिकवणं फोनवरून पोचतं, चूक मात्र जवळ बसलेल्या माणसालाच दिसते. दहावीची मुलगी आपली आपण निभावते, पहिलीतल्या पोराला शेजारी कुणीतरी लागतंच."

"आणि सहावीतल्याला?"

"त्याला आई लागते! कपडे मी काढते वाळत घातलेले. तुम्ही आत जा, आणि तास संपला की त्याची वही स्वतः उघडून बघा."