कर्जाला बदली नाही

प्रति,
माननीय गृहकर्ज व्यवस्थापक महोदय,

डोंबिवली पूर्वेचा मानपाडा आणि ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरचा मानपाडा या एकाच नावाच्या, एकाच जिल्ह्यातील दोन वस्त्या असून, पहिल्यातील वन रूम किचन विकून दुसऱ्यातील टू बीएचके घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाची तुळशीची कुंडी, गॅसची जोडणी आणि मुलांचे शाळेचे दाखले नव्या पत्त्यावर जाऊ शकतात. जात नाही ते फक्त आपले कर्ज. ‘बॅलन्स ट्रान्सफर’ म्हणजे घर तेच ठेवून शिल्लक कर्ज दुसऱ्या बँकेत नेणे आणि ‘टॉप-अप’ म्हणजे त्याच तारणावर वाढीव रक्कम घेणे. घर बदलणाऱ्याला मात्र चालू कर्ज जुन्या घरावरून उचलून नव्या घरावर ठेवायचे असते आणि वर थोडी भर हवी असते, व नेमके याच कामाला शाखेत ‘जुने बंद करा, नवीन अर्ज भरा’ असे उत्तर मिळते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 58 नुसार हक्कलेख जमा करून होणारे गहाण त्या मालमत्तेवर बसते, त्यामुळे घर बदलले की कर्जही नवे, हा आपला युक्तिवाद बिनतोड आहे. प्रश्न एवढाच, की कर्ज देताना पगारपत्रके, फॉर्म 16 आणि सिबिलचा गुणांक भिंतींचा तपासला होता काय? एकही हप्ता न चुकवलेला माणूस घर बदलताच अनोळखी ठरतो आणि त्याच्याकडून प्रोसेसिंग फी, वकिलाच्या सर्च रिपोर्टचा खर्च व मूल्यांकनकाराचे शुल्क पुन्हा घेतले जाते. (ठाण्यातील मेट्रो अधिभारासह 7 टक्के मुद्रांक शुल्क हा शासनाला लिहिण्याच्या पत्राचा विषय आहे.)

खरी कोंडी कागदांची आहे. जुन्या घराच्या खरेदीदाराची बँक मूळ कागद मिळण्याची खात्री झाल्याशिवाय धनादेश सोडत नाही, आपली शाखा पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय कागदांना हात लावत नाही, आणि नव्या घराचा विक्रेता टोकन हातात धरून दोघांकडे पाहत बसतो. रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी आदेश काढून, कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत करावेत आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी, असे ठरवले व 1 डिसेंबर 2023 पासून ते लागू केले. 30 दिवस ही कमाल मर्यादा होती. आपल्याकडे तिचा मुहूर्त झाला. एकोणतिसाव्या दिवसापर्यंत फाइल ‘सेंट्रलला’ असते. करारनामा, इंडेक्स टू, नोंदणीची पावती, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट: हे कागद कर्जदाराचे आहेत, महोदय, ते विश्वासाने ठेवायला दिले होते, दान केले नव्हते.

अर्थात ती फाइल आपल्याही हातात नसते, हे काउंटरपलीकडून दिसते. महिन्याचे उद्दिष्ट आपल्या डोक्यावर, शिव्या आपल्या वाट्याला आणि निर्णय प्रोसेसिंग सेंटरचा, अशी ही नोकरी असून, दर काही वर्षांनी बदलीचा आदेश आला की कुटुंबाचा संसार खोक्यांत भरून नवे गाव गाठावे लागते, ते वेगळेच. पुढील बदली मानपाड्याला झाली, तर कोणत्या, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे.

कळावे,
एक जुना कर्जदार
(आपल्या नोंदीनुसार नवीन ग्राहक)