अडकलेल्या चाचणीचं पथ्यपाणी

प्रोग्राम कोसळला तर निदान कोअर फाइल तरी मागे ठेवतो. अडकलेला प्रोग्राम काहीच ठेवत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चाचण्या जीएनयू हर्डवर चालवून पाहा. चाचणीचं नाव पडद्यावर येतं, पुढचं ‘ओके’ काही येत नाही. प्रोसेसरचा वापर शून्य, लॉगमध्ये चकार शब्द नाही.

हर्ड म्हणजे १९९० पासून घडत असलेला कर्नल. ०.९ ही आवृत्ती २०१६ साली निघाली, १.० चा मुहूर्त अजून लागायचाय. यात फाइलसिस्टिम, नेटवर्क सगळे स्वतंत्र सर्व्हर, निरोपानिरोपीवर चालणारे. म्हणजे एक फाइल उघडायची तर सरकारी कचेरीसारखी चार टेबलं फिरायची, आणि कुठलं टेबल जेवायला गेलंय हे कोणी सांगत नाही.

अडकलेल्या चाचणीवर पहिला उपचार ठरलेला: वाट पाहण्याची मुदत वाढवा. पोस्टग्रेसच्या पर्ल चाचण्यांत ती मुळात १८० सेकंदांची असते. ती वाढवली की चाचणी तेवढाच वेळ जास्त अडकते. दुसरा उपचार: जीडीबी हा डिबगर लावा. तो चिकटला की सिग्नलच्या धक्क्याने झोपलेली प्रोसेस कधीकधी उठून कामाला लागते, चाचणी उत्तीर्ण! पुरावा गेला, दोष तिथेच.

मग शेवटचं निदान: ‘लिनक्सवर तर चालतं.’ खरंय की. पण लिनक्सवर चाललेलं पाहायला हर्ड कशाला लावायचा? कुलूप (लॉक) कोणी धरलंय, कोण कोणाची वाट पाहतंय, हे बॅकट्रेसमधून एकेक प्रोसेस घेऊन शोधायला मात्र कुणी तयार होत नाही.