काकूंच्या घरी मुक्ती नाही

देशभरातून लोक रामकुंडावर येतात ते मुक्तीच्या आशेने. अस्थिविसर्जन होतं, पिंडदान होतं आणि गेलेल्या जिवाचा चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकवला, असं समजून मंडळी संध्याकाळच्या गाडीने परततात. तिथून हाकेच्या अंतरावर, पंचवटीतल्या आमच्या वाड्यात तळमजल्याला काकू राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलेल्या कोणत्याही जिनसाला ही सोय नाही.

पोळीचंच बघा. उरली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिची कांदा-शेंगदाणे घालून फोडणीची पोळी होते. त्यातूनही दोन चतकोर मागे राहिले तर ते कडक वाळतात, मिक्सरमधून निघतात आणि गूळ-तूप लागून लाडू म्हणून पुन्हा ताटात येतात. लाडू फुटला तर चुरा शिऱ्यात. “काकू, शिरा आज वेगळाच लागतोय,” असं पाहुणा म्हणाला की काकू नुसत्या हसतात. पूर्वजन्मीच्या गोष्टी कुणाला सांगायच्या नसतात.

त्यांना कंजूष म्हणू नका. कंजूष माणूस वस्तू आणतच नाही. काकू आणतात, पण आणलेली संपू देत नाहीत. अशी एक तरी बाई जुन्या नाशकातल्या प्रत्येक वाड्यात असते, आणि तिच्या दारात घंटागाडी उगाच वेग कमी करत नाही.

काका नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले. १९२८ पासून तिथे देशाच्या नोटा छापल्या जातात. नोटा छापणारा नवरा मिळाला म्हणून माहेरी कौतुक झालं होतं. छापलेल्यातली एकही घरी आणता येत नाही, हे सासरी आल्यावर कळलं. काटकसर तेव्हापासून सुरू झाली, असं काका म्हणतात. खरी सुरुवात त्याआधीची आहे. १९७२ च्या दुष्काळात काकू शाळकरी होत्या. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो मिळायची, तिची भाकरी थापताना आईचे कसे हाल व्हायचे, ही कथा पानात घास टाकणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागते. वाड्यातल्या पोरांना ती पाठ आहे. पोरं पान चाटूनपुसून स्वच्छ करतात, ते निम्मं त्या कथेच्या भीतीने.

बुधवारी गंगाघाटावर आठवडे बाजार भरतो. सकाळी ताजी भाजी घ्यायला जातात ते हौशी लोक. काकू जातात उठत्या बाजाराला. दिवेलागण झालेली, टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, बाई उरलेल्या मालाचे वाटे लावून “घ्या मावशी, सगळंच घ्या” म्हणतेय, अशा वेळी काकू शांतपणे मेथीच्या जुडीची मुळं बघत उभ्या असतात. फ्लॉवरवाला पाला-दांडे तोडायला लागला की त्याचा हात धरतात. “राहू दे रे, त्याचेच तर पैसे दिले!” कोवळ्या दांड्यांची भाजी, मुळ्याच्या पाल्याचा झुणका, कोथिंबिरीचे देठ आमटीच्या वाटणात. दोडका एकच, पण कालवणं दोन: गराची भाजी आणि शिरांची तीळ-खोबरं घालून खरपूस चटणी. ही चटणी मात्र अशी होते की मला वाटतं, दोडक्याचा गर हेच त्याचं टाकाऊ अंग असावं. तूप कढवलं की खालची बेरी साखर घालून पोरांना, आणि बेरीच्या कढईत तीच पुसून घेत थालीपिठाचं पीठ मळायचं. ती कढई घासायला भांडीवाल्या मावशींकडे जाते तेव्हा घासण्यासारखं तिच्यात काही उरलेलं नसतं.

एका बाबतीत मात्र काकू घासाघीस करत नाहीत. कांद्याच्या. २०१८ च्या नोव्हेंबरात निफाडच्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १०६४ रुपये मिळाले आणि त्याने ते पंतप्रधानांना मनिऑर्डर केले. ते वाचल्यापासून काकू कांदेवाल्याला भाव विचारतात, तेवढे पैसे मोजतात आणि गप्प निघतात. पुढच्याच वर्षी डिसेंबरात कांदा शंभरीपार गेला, तेव्हाही हूं की चूं केलं नाही. घरी आल्यावर भज्यांत कोबी घातला, एवढंच. उन्हाळ कांदा मात्र एप्रिलमध्येच पोत्याने येऊन कॉटखाली पसरतो. दर रविवारी काका वाकून त्याची पाहणी करतात. कोंब फुटलेला आधी चिरायचा, कोंबासकट.

२०२७ च्या सिंहस्थाची काळजी वाड्यात सगळ्यांना आहे, कारण सिंहस्थात नाशिककरांना न भेटलेले नातेवाईकही आठवणीने येतात. काकू निवांत आहेत. पंधरा माणसांचा भात उरणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने सांडग्यांची बेगमी.

गेल्या थंडीत मी मटार सोलून टरफलांची पिशवी दाराबाहेर ठेवली होती, घंटागाडीसाठी. सकाळी बघते तर पिशवी नाही. वाटलं, मांजराने पळवली असेल. दुपारी काकू वाटी घेऊन वर आल्या. हिरवीगार भाजी, वरून ओलं खोबरं. मी उभ्या उभ्या संपवली आणि बोटं चाटत विचारलं, “काकू, कशाची हो?”

“तुझ्याच मटारची,” काकू म्हणाल्या. “आतला पापुद्रा तेवढा काढावा लागतो. पुढच्या वेळी पिशवीला गाठ मारू नकोस गं, सोडवताना फाटते. पिशवी धुऊन वाळत घातलीय, संध्याकाळी घेऊन जा.”