थोरल्याचं प्रकरण

केनवडात जर्मन साहित्यात पीएच.डी. करणारा, माझ्या माहितीप्रमाणे, मी एकटाच. तरी गावात पहिला येण्याची काळजी असतेच. दारावरच्या पाटीचा मजकूर ठरलाय, 'डॉ.'मधलं टिंब सोनेरी असावं इथपर्यंत. प्रबंध तेवढा राहिलाय.

विषय आहे, घरी परतणारा मुलगा. रिल्केची 'माल्टे' (१९१०) बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीवरच संपते. काफ्काच्या १९२० मधल्या 'हाइमकेअर'मध्ये मुलगा बापाच्या दारापर्यंत येतो, पण दार वाजवत नाही. यावर मी चर्चासत्रांत इतकं सुंदर बोलतो, की दिवाळीला घरी जायचंच राहून जातं.

आता ग्रिअर्सनसाहेब. त्यांचा प्रबंधाशी काही संबंध नाही, असं माझे गाईड म्हणतात. म्हणूनच ते मला आवडतात. भारतातल्या भाषांची पाहणी करताना या गृहस्थांनी बोलीबोलीतून एकच गोष्ट मागवली, तीही उधळ्या पुत्राचीच! आम्हाला उचलेगिरी दहा टक्क्यांपर्यंत माफ. यांनी खंडामागून खंड तीच गोष्ट छापली आणि १९१२ साली 'सर' झाले. मराठीचा सातवा खंड १९०५ चा, स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडितानं सिद्ध केलेला. त्यात आमची वऱ्हाडीही आहे. त्याच साली इंग्रजांनी बाशीम, म्हणजे आमचा वाशीम, जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळमध्ये वाटला. जिल्हा गेला, बोली तेवढी छापून आली. तो परत मिळायला १९९८ उजाडलं.

ते वऱ्हाडी पान वाचताना मात्र डोकं फिरलं. नॉर्वेचा माणूस जिचं व्याकरण मांडत बसला, ती बोली पुण्यात माझ्या तोंडून निसटली की लोक हसतात. आणि मीही घाईघाईनं जर्मनमध्ये शिरतो.

यंदा सोयाबीन काढायच्या वेळी बाबांना विषय समजावला. धाकट्यानं वाटणी घेतली, परमुलखात उडवली, डुकरं राखली, परत आला. बापानं जेवणावळ घातली.

"आन् थोरला?"

"तो वावरात होता. रागावला."

"रागावनारच. मंग त्याचं काय झालं?"

ते बायबलातही नाही. माझ्या प्रबंधात त्याला एक तळटीप आहे.

पलीकडे थ्रेशरपाशी दादा दाभणानं पोत्यांची तोंडं शिवत होता. माझी फी त्याच पोत्यांतून जाते.

मी तिथूनच गाईडना फोन लावला : थोरल्यावर स्वतंत्र प्रकरण हवं. ते म्हणाले, मुदतवाढ घ्यावी लागेल. मग मोठ्या रुबाबात दादाला सांगितलं, की तू आता जर्मन साहित्यात येतोयस.

त्यानं सुतळी दातानं तोडली.

"येतो न बाप्पा. फी कितीनं वाढते, थे सांग."