प्रवाळांची ओळखपरेड

घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळे पाळणाऱ्या मनुष्यास प्रकाश, क्षार आणि प्रवाह यांचा अभ्यास करावाच लागतो; परंतु घरी आलेल्या पाहुण्याने काचेकडे बोट दाखवून "हे कोणते हो?" असे विचारले असता त्याची जी तारांबळ उडते, तिची तयारी कोणताही अभ्यास करून देत नाही. प्रस्तुत विवेचन मुख्यत्वे अमेरिका व युरोपातील छांदिष्टांना उद्देशून आहे, कारण भारतात सर्व दगडी प्रवाळे, म्हणजे चुनखडीचा सांगाडा रचणारी प्रवाळे, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने ती घरी बाळगल्यास प्रवाळाऐवजी मालकाचीच ओळख पटवण्याचे काम वनखात्यास करावे लागते.

या शास्त्राची मूळ अडचण अशी की, दगडी प्रवाळांचे वर्गीकरण परंपरेने सांगाड्यावर बेतलेले आहे आणि सांगाडा नीट दिसण्यासाठी त्यावरील जिवंत मांस नाहीसे व्हावे लागते; अर्थात ओळख निःसंशय पटण्याजोगी परिस्थिती उद्भवते तेव्हा प्रवाळ हयात नसते. रंगावर विसंबावे, तर विक्रेत्याच्या निळ्या एलईडी दिव्याखाली प्रवाळातील प्रतिदीप्त प्रथिने, म्हणजे निळा प्रकाश शोषून हिरवा वा नारिंगी प्रकाश बाहेर टाकणारी द्रव्ये, अशी काही झळकतात की पांढऱ्या दिव्यात तपकिरी दिसणारा तुकडाही तेथे भरजरी वाटतो व त्याची किंमतही त्याच प्रकाशात ठरते.

त्यातल्या त्यात सुबोध प्रकरण फेविया आणि फेवायटीज या दोन प्रजातींचे आहे. पॉलिप म्हणजे प्रवाळाच्या वसाहतीतील एक एक प्राणी. फेवायटीजमध्ये शेजारच्या पॉलिपांच्या खोल्यांना चाळीप्रमाणे सामायिक भिंत असते, तर फेवियात प्रत्येकाची भिंत स्वतंत्र असून मध्ये बारीक खाच राहते. हा भेद छांदिष्टांना तोंडपाठ होतो न होतो तोच रेणवीय संशोधकांनी अटलांटिक व प्रशांत महासागरांतील फेवियांचे कूळच वेगळे असल्याचे २००४ मध्ये दाखवून दिले, आणि पुढे हिंद-प्रशांत सागरी जातींना डिप्सॅस्ट्रिया हे जुने नाव पुन्हा बहाल झाले. दुकानातील चिठ्ठीवर मात्र फेवियाच नांदत आहे. चिठ्ठी बदलल्याने खप वाढत नाही.

गोनिओपोरा व अल्व्हिओपोरा यांच्या बाबतीत शास्त्राने विलक्षण औदार्य दाखवले आहे, कारण येथे निर्णय निव्वळ मोजणीने होतो: पॉलिपच्या तोंडाभोवतीचे संस्पर्शक, म्हणजे मऊ बोटांसारखे अवयव, गोनिओपोरात चोवीस आणि अल्व्हिओपोरात बारा असतात. प्रत्यक्षात मात्र पंप बंद करून, भिंग काचेला टेकवून, श्वास रोखून गणना अकरापर्यंत पोहोचते, नेमका तेव्हाच एखादा मासा मधून जातो आणि पॉलिप सर्व पुरावा आत ओढून घेतो. "बारापेक्षा कमी नाहीत" एवढाच निष्कर्ष काढून अनेक विद्वान येथे थांबलेले आहेत.

टॉर्च, हॅमर आणि फ्रॉगस्पॉन हे त्रिकूट याहून बिकट होय. टॉर्चचे संस्पर्शक लांब, सरळ व टोकाशी एकच गाठ असलेले, हॅमरची टोके आडवी पसरून हातोडीचा आकार घेणारी, तर फ्रॉगस्पॉनचे संस्पर्शक फाटे फुटून फाट्याफाट्यावर गाठी धरणारे. काही वसाहतींवर हातोड्या आणि फाटे एकत्र सापडतात. त्यांना छांदिष्टांनी 'फ्रॅमर' म्हणून विषय निकालात काढला आहे, आणि वर्गीकरणाच्या इतिहासात इतका सोयीस्कर निर्णय क्वचितच झाला असेल. सांगाड्याचा नियमही येथे उलटा फिरतो, कारण हॅमर व फ्रॉगस्पॉन यांचे सांगाडे एकसारखेच असून भेद काय तो मांसात आहे. २०१७ मध्ये या दोघांना टॉर्चच्या युफिलिया प्रजातीतून काढून फिम्ब्रिअफिलिया या वेगळ्या प्रजातीत घालण्यात आले. टाकीतील रहिवाशांना हा निकाल आधीच ठाऊक असावा, कारण हॅमर व फ्रॉगस्पॉन एकमेकांना खेटून सुखाने राहतात, पण टॉर्च शेजारी आला की तो बहुधा त्यांना डंख करून भाजून काढतो. म्हणून काही धाडसी मालक दोन संशयित तुकडे शेजारी ठेवून निकालाची वाट पाहतात. सकाळी एकाचे मांस झडलेले आढळले की दुसरा टॉर्च होता, हे बहुतांशी सिद्ध होते; झडलेला हॅमर होता की फ्रॉगस्पॉन, हे आता त्याच्या सांगाड्यावरून सांगता येत नाही.