सोमवारकर

सोमवारकर हे त्याचं खरं आडनाव नव्हे. पण आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही त्याचं खरं आडनाव पटकन आठवत नाही. गेली कित्येक वर्षं तो येत्या सोमवारपासून वजन कमी करणार आहे. "बुधवारी कधी कुणी डाएट सुरू करतं का?" असा त्याचा बिनतोड सवाल असतो. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कुठल्याही बिल्डिंगमध्ये चौकशी करा, निदान दुसऱ्या मजल्यावर एक सोमवारकर निघतोच. लिफ्ट बंद असेल तेव्हा जिन्यात त्याची हमखास भेट होते, कारण पहिल्या मजल्यावर तो फोनवर बोलायच्या निमित्ताने थांबलेला असतो.

सोमवार हा आरंभाचा दिवस, म्हणून रविवार हा निरोपाचा. उद्यापासून मटण बंद, म्हणून आज मटण. उद्यापासून गोड बंद, म्हणून आज जिलबी. फ्रीजमधला श्रीखंडाचा डबा संपवणं हेही पूर्वतयारीतच मोडतं, कारण मोहाची वस्तू घरात ठेवायची नाही असं त्याने कुठेतरी वाचलंय. डबा संपला नाही तर मुहूर्त पुढच्या सोमवारावर जातो.

त्याचा आहाराचा तक्ता मात्र बघण्यासारखा असतो. एक्सेलमध्ये हिरवे, पिवळे, लाल रकाने. सहाला कोमट पाणी, आठला मुगाचं धिरडं, एकला ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर उसळ आणि काकडी, चारला ताक, सातला भाजी घातलेली मुगाची खिचडी. खोटं कशाला बोला, तक्ता उत्तम आहे. एखाद्या आहारतज्ज्ञाने पैसे घेऊन याहून वेगळं काही दिलं नसतं. उणीव एकच. तक्त्यात रकाने आहेत ते बसून खाल्लेल्या अन्नाचे. उभ्याने खाल्लेलं सोमवारकर धरत नाही.

आणि उभ्याने तो बरंच खातो. मीठ बघायला वाटीभर आमटी. धाकट्याच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, कारण अन्न टाकू नये. शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा, कारण प्रसादाला नाही म्हणू नये. ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, कारण माणूस दुखावू नये. शिवाय दिवसातून पाच चहा, दर कपात दोन चमचे साखर. चमच्याला पाच ग्रॅम धरली तर दिवसाची पन्नास ग्रॅम साखर झाली, म्हणजे दोनशे कॅलरी. अर्धा तास झपझप चालून दीडशेच्या आसपास खर्च होतात. हा हिशेब मी त्याला एकदा कागदावर मांडून दाखवला. तो म्हणाला, "चहा द्रवपदार्थ आहे. द्रवपदार्थांचा रकाना वेगळा आहे, त्यात पाणी धरलंय."

गुरूंच्या बाबतीत तो उदारमतवादी. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोडं थोडं खा, घरचं खा, तुपाला घाबरू नका. या दोन पंथांवरून महाराष्ट्रात घराघरांत वाद झाले, सोमवारकराच्या घरात मात्र समन्वय झाला. दीक्षितांची दोन जेवणं तो जेवतो आणि मधल्या वेळात दिवेकरांचं ऐकतो. ५५ मिनिटं ही कमाल मर्यादा आहे हे त्याच्या ध्यानातच आलेलं नाही. तो ती पूर्ण वापरतो. "अहो, भात संपला," असं वहिनी म्हणाल्या तर घड्याळ दाखवून सांगतो, "अजून अकरा मिनिटं आहेत."

व्यायामाची तयारी खरेदीपासून सुरू होते. बूट, टी-शर्ट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. रोज दहा हजार पावलं हा त्याचा धर्म. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला, त्याआधी कुठल्या वैद्याने तो प्रयोगातून काढलेला नव्हता. पण त्यामुळे सोमवारकराची श्रद्धा ढळत नाही. रात्री अकराला आठशे पावलं कमी पडली की तो हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत येरझारा घालतो. वळायची जागा चिवड्याच्या डब्यापाशी असते.

सकाळी तो ठाण्याच्या तलावपाळीला जातो. मासुंदा तलावाला दोन फेऱ्या, मग बाकावर बसून कारल्याचा रस. कडू प्यायल्यावर आपल्या हातून पुण्य घडलं असं त्याला वाटतं, आणि पुण्य साचलं की ते खर्च करावंसं वाटतं. मामलेदार कचेरीजवळची मिसळ तिथून पायी जाण्याइतकी जवळ. "चालतच गेलो की," असं तो अभिमानाने सांगतो. व्यायामाने भूक वाढते आणि आपण कमावलंय या भावनेने हात सैल सुटतो. नव्याने व्यायाम धरणाऱ्या पुष्कळांचं वजन इथेच अडतं. सोमवारकराचं तर इथून पुढे सरकतं.

तरीही पहिल्या आठवड्यात त्याचं वजन दीड किलोने उतरतं, आणि त्या शनिवारी सोसायटीत त्याची व्याख्यानमाला होते. शरीर आधी साठवणीतलं ग्लायकोजेन वापरतं. त्याच्यासोबत तिप्पट-चौपट पाणी धरलेलं असतं, तेही बाहेर पडतं. उतरलेल्या दीड किलोत चरबी थोडीच, पाणी जास्त. एक किलो चरबी जायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते, म्हणजे रोज पाचशेची तूट ठेवली तरी पंधरवडा जातो. सोमवारकराला पंधरवडा माहीत नाही, त्याचं पंचांग आठवड्याचं आहे. नवव्या दिवशी भात खाल्ला की पाणी परत येतं आणि संशय काट्यावर जातो. मग तो काटा या फरशीवरून त्या फरशीवर ठेवून बघतो. घड्याळ काढतो, पट्टा काढतो, शेवटी चष्माही काढतो. चष्म्याविना आकडा दिसत नाही, तो वहिनींना वाचावा लागतो, आणि त्या तो मोठ्याने वाचतात.

बीएमआयच्या बाबतीत तो जागतिक नागरिक होतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. जगाच्या मापात हेच आकडे २५ आणि ३० आहेत. एरवी कडवा स्वदेशीवाला असलेला सोमवारकर इथे जगाचं माप लावतो आणि लठ्ठांच्या यादीतून सुटतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी हे सांगितलं तर "कंबर नेमकी कुठे मोजायची?" असं विचारतो. त्याच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे.

त्यातून आपलं कॅलेंडर. संक्रांतीला गूळपोळी, होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड, अक्षय्य तृतीयेला आमरस, मग गणपतीचे मोदक आणि दिवाळीचा फराळ. उरलेल्या दिवसांत एकादश्या, आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर दाण्याचं कूट आणि तूप. पण तो उपास असल्यामुळे तक्त्यात त्या दिवसाचा रकाना हिरवा होतो.

एवढं सगळं बघूनही मला सोमवारकर आळशी किंवा लबाड वाटत नाही. तो भिडस्त आहे. मागच्या दिवाळीच्या आधी त्याने खरोखर तीन आठवडे साखर सोडली होती, चहासुद्धा बिनसाखरेचा घेत होता. मग भाऊबीजेला मावशी आली. "अरे, किती वाळलास रे! सुनबाई, याला खायला देतेस की नाही?" म्हणत तिने त्याच्या बशीत स्वतःच्या हाताने बेसनाचे लाडू ठेवले. त्याने नको म्हटलं. "एकाने काय होतंय?" त्याने पुन्हा नको म्हटलं. "माझ्या हातचा आता आवडत नाही वाटतं!" यावर उत्तर असलेला तक्ता अजून कुणी बनवलेला नाही.

एका बेसनलाडवात दीडशे कॅलरी सहज असतात, आणि दिवाळीत माणूस दहा घरी जातो. प्रत्येक घरी एकच लाडू होतो आणि प्रत्येक घरी एकाने काही होत नाही. सोमवारकराच्या वजनात आपल्या सगळ्यांची अशी थोडी थोडी वर्गणी आहे. तेव्हा तो तुमच्याकडे आला, तर गप्पा हव्या तेवढ्या मारा, साखरेचं विचारून घ्या, आणि त्याने नको म्हटलं तर त्याला खरंच नको आहे असं समजा.